चावरं पाणी

सगळ्यात आधी बोलली ती ठकी. सात वर्षांची पोर, आंघोळ टाळायला रोज नवी सबब शोधणारी. त्यामुळे "आई, पाणी चावतंय!" असं ती बाथरूममधून ओरडली तेव्हा घरात कुणी मानसुद्धा वर केली नाही. बाप पेपरातून डोकं न काढता म्हणाला, "चावू दे. दात किती आहेत ते मोजून ठेव." आजी खुदकन हसली. आईनं हातातला कंगवा उगारत दम भरला, "नाटकं पुरे. बस निघून जाईल."

दुसऱ्या दिवशी बादली भरताना आईनं स्वतःच नळाला हात लावला आणि बोटांपासून कोपरापर्यंत काहीतरी सर्रकन चढत गेलं. तिनं हात झटक्यात मागे घेतला. फरशी ओली होती आणि पाय अनवाणी. वर भिंतीवर नवाकोरा पांढरा गीझर शहाण्यासारखा टांगलेला होता. काल याच नळाखाली आपण पोरीला दटावून उभं केलं होतं, हे तिला आठवलं.

नवऱ्याला सांगितलं तर तो चपला घालून आत गेला, पाण्यात हात घातला आणि म्हणाला, "मला तर काही होत नाही."

"चपला काढून बघा की."

"थंड फरशीवर? सर्दी होईल." मग जरा मवाळ होत म्हणाला, "अगं, गॅरंटी आहे ना अजून? कंपनीला फोन लाव. उगाच साप साप म्हणून भुई कशाला धोपटतेस?"

कंपनीचा माणूस आला. निळा शर्ट, पाठीवर पिशवी, पायात जाड तळव्याचे बूट. शीळ घालतच त्यानं नळाखाली हात धरला. "मस्त गरम येतंय की पाणी!"

"बूट काढून बघता का जरा?" ती म्हणाली.

"कामावर असताना बूट काढायचे नाहीत ताई, कंपनीचा नियम आहे." त्यानं टेस्टर कुठेतरी टेकवल्यासारखा केला आणि पुन्हा खिशात टाकला. "गीझर आमचा एकदम ओके. तुमचं अर्थिंग कमी पडतंय, करंट जमिनीत उतरत नाही. घरचं वायरिंग वॉरंटीत येत नाही. ते नीट करून घ्या, मग फोन करा."

"काहीच होत नाही म्हणताय, तर अर्थिंग तरी कशाला नीट करायचं?"

सासूबाईंनी तेवढ्यात चहा पुढे केला, तो घोटभर प्याला, आणि 'ग्राहकाला समजावले' असं काहीतरी मोबाइलवर टिपून निघून गेला. तो गेल्यावर सासूबाई म्हणाल्या, "बिचारा किती समजावून सांगत होता. तुझ्या अंगात वात झालाय बाई. माझ्याही हाताला मुंग्या येतात."

तिनं मग गल्लीच्या तोंडाशी दुकान असलेल्या वायरमनला बोलावलं. त्यानं भिंतीवरच्या प्लगमधून करंटची आणि अर्थिंगची वायर बाहेर काढून त्यांवर दिवा लावून बघितला. दिवा लख्ख पेटला. "अर्थिंग ठणठणीत आहे. दुखणं या डब्याच्या पोटात आहे. मी आत्ता उघडला असता, पण हे सील बघितलंत? मी तोडलं की कंपनीवाले हात झटकून मोकळे. त्यांच्याकडूनच उघडून घ्या. आणि तोवर हा बंद ठेवा."

तिनं पुन्हा कंपनीला फोन लावला. पलीकडची मुलगी साखरेत घोळून बोलत होती. बाहेरच्या वायरमनचं म्हणणं धरता येणार नाही, आमच्या माणसानं दोष नाही असं कळवलंय, तक्रार मिटलेली आहे. आणखी काही मदत करू का?

थंडी कडक होती. सासूबाईंचे गुडघे गरम पाण्याशिवाय सकाळी वाकत नसत आणि गॅसवर पाणी तापवून बादल्या उचलण्यात रोज कुणाची तरी कंबर धरत होती. शेवटी नवऱ्यानं तोडगा काढला. पाणी तापवायचं, बाहेरचं बटण बंद करायचं आणि मगच आत जायचं. "बटण बंद म्हणजे करंट बंद. झालं! कशाला डोकं पिकवायचं?"

त्याच्या दृष्टीनं झालं. तिच्या दृष्टीनं तिथून सुरू झालं. बटणातला लाल दिवा तिच्या डोळ्यांसमोरून हलेना. बंद केलं का? केलं. पुन्हा जाऊन बघायची. पोर आत असली की दाराला कान लावून उभी राहायची, "बोलत राहा गं," म्हणायची, आणि ठकी बिचारी आतून पाढे म्हणायची. सातावर जरा अडली तरी ही दार ठोठवायची. आईची नोकरी कानाच्या दवाखान्यात, श्रवणचाचणी घेण्याची. काचेच्या खोलीत पेशंटला बसवायचं, कानाला बारीक आवाज ऐकवायचा, ऐकू आला की त्यानं बटण दाबायचं. तिथेही आता तिचं चित्त लागेना. पेशंट बटण दाबे आणि हिचा जीव घरी पळे. एकदा तर ती मधल्या सुट्टीत रिक्षा करून घरी येऊन बटण बघून गेली. बंदच होतं. सासूबाई म्हणाल्या, "भीतीनं मरशील एखाद दिवस."

त्या सकाळी नवरा लवकर बाहेर पडला होता. ती ओट्याशी ठकीचा डबा भरत होती. ठकी मोजे शोधत होती. बाथरूममध्ये नळ सुरू झाल्याचा आवाज आला. सासूबाई आत गेल्या वाटतं, असं मनात येतं न येतं तोच बादली कलंडल्याचा दणका झाला. आणि मग एक आवाज. बोलणं नव्हे, ओरडणंही नव्हे. बंद तोंडातून निघणारं, एकाच सुरातलं, थरथरणारं कण्हणं. थांबतच नव्हतं.

हातातला डबा तिथेच टाकून ती बोळात आली. लाल दिवा पेटलेला होता.

तिनं बटण दाबून बंद केलं. त्याच क्षणी कण्हणं तुटलं आणि आत धप्पकन काहीतरी पडलं.

मेल्या, तिला वाटलं. मी बटण दाबलं आणि त्या मेल्या. दाराच्या फटीतून वाफाळतं पाणी बोळात आलं आणि तिच्या अनवाणी पावलांकडे सरकायला लागलं. ती मागे झाली. भिंतीला टेकली. मागून ठकी येत होती, "आई, काय पडलं?"

"खुर्चीवर चढ!" ती अशी किंचाळली की तिला स्वतःचाच आवाज ओळखू आला नाही. "पाय वर घे! खाली उतरलीस तर बघ!"

ठकी खुर्चीवर चढली आणि भोकाड पसरून रडायला लागली. आई धावत बाहेरच्या दाराशी गेली, मेन स्विच खाली ओढला. फ्रिजची घरघर थांबली. आता कशातच करंट नाही, हे तिला डोक्यानं कळत होतं, पण पावलं ऐकत नव्हती. पाणी उंबऱ्याशी तळं करून उभं होतं. दाराला खांदा लावायचा तर त्यात उभं राहणं भाग होतं. तिनं डोळे मिटले, दात आवळले आणि पाय टाकला.

काही झालं नाही. पाणी नुसतं गरम होतं.

तीन-चार धडका दिल्यावर आतल्या कडीचे स्क्रू निघाले. सासूबाई भिंतीशी मुटकुळं होऊन पडल्या होत्या. मनगट वाकडं, ओठ निळसर, डोळे उघडे. हिनं त्यांचं डोकं मांडीवर घेतलं. कितीतरी वेळानं, निदान तिला तरी तसं वाटलं, त्यांनी श्वास ओढला आणि पुटपुटल्या, "हात सुटेना गं… नळानं धरून ठेवलं मला."

"बोलू नका आई. मी आहे."

"बटण… मीच विसरले…"

दवाखान्यात हृदयावर लक्ष ठेवायला त्यांना दोन दिवस ठेवून घेतलं आणि मनगटाला प्लास्टर घातलं. डॉक्टर म्हणाले, थोडक्यात निभावलं. नवरा बाकावर गुडघ्यांत डोकं घालून बसला होता. बायकोकडे बघायची त्याची छाती होत नव्हती. ती बोलायला गेली असती तर किंचाळलीच असती.

कंपनीचा तोच माणूस पुन्हा आला, पण या वेळी शीळ नव्हती. गीझर काढून कारखान्यात नेतो, तपासून कळवतो, म्हणाला. ती म्हणाली, "न्यायचा नाही. इथेच उघडा. आमच्यासमोर."

"ताई, तसं करता येत नाही…"

"मग राहू दे भिंतीवरच. ज्याला यायचंय त्यानं इथे यावं."

नवरा तिच्या शेजारी येऊन उभा राहिला. वायरमनही दाराशी होता. त्या माणसानं बाहेर जाऊन कुणाशी तरी फोनवर हुज्जत घातली, परत आला, मेन स्विच बंद असल्याचं दोनदा बघितलं आणि सील तोडलं. झाकण निघालं. आत अर्थिंगची हिरवी वायर लोंबत होती. तिच्या जागेवरचा स्क्रू घट्ट पिळलेला होता, पण वायर त्याखाली कधी गेलीच नव्हती. खाली पाणी तापवणाऱ्या कॉइलला केसाएवढी भेग पडली होती.

कंपनीचा माणूस पालथ्या बादलीवर बसला. त्याच्या कपाळावर घाम आला होता. "मी हात घातला होता यात," तो हळूच म्हणाला. "त्या दिवशी. बूट नसते तर…" मग त्यानं वरच्या साहेबाला फोन लावला आणि सांगितलं, "दोष आपलाच आहे साहेब. नाही, घरच्या अर्थिंगचा नाही. मी डोळ्यांनी बघतोय." पलीकडून बराच आरडाओरडा झाला. तो ऐकत राहिला, पण शब्द फिरवला नाही.

वॉरंटीवर त्यानंतर वाद झाला नाही. चार दिवसांत नवा गीझर दारात आला. कंपनीकडून माफीचा फोनही आला. तीच साखरेतली मुलगी होती, आणखी काही मदत करू का, असं तिनं या वेळी विचारलं नाही.

खोकं मात्र बोळातच राहिलं. पाणी गॅसवर तापायचं, बादल्या नवरा उचलायचा, कुरकुर न करता. सासूबाईंच्या हाताला प्लास्टर, म्हणून त्यांना ती स्वतः आंघोळ घालायची. पाठीवर तांब्या ओतताना दोघींची नजर कधीतरी भिंतीवरच्या चार मोकळ्या भोकांकडे जायची.

"मला वाटायचं, तू कामं टाळायला भीतीचं सोंग करतेस," सासूबाई एकदा पाठमोऱ्याच म्हणाल्या.

"आणि आता?"

"आता मला भीती वाटते."

महिना उलटला. ठकी खोक्यावर दप्तर ठेवायला लागली. नवऱ्यानं एका रविवारी चहा पिता पिता जपून विषय काढला, "वायरमन म्हणतो, तो स्वतः उभा राहून बसवून देईल. कधी बोलवू?"

सासू-सुनेनं एकमेकींकडे बघितलं.

"थंडी सरत आलीय," सासूबाई म्हणाल्या. "एवढी घाई काय आहे?"