पोस्टरवरची मान

त्याच्या मानेवरच्या तिळाची खालची कड आता गोल राहिली नव्हती. टीपकागदावर शाई फुटावी तशी ती कॉलरच्या दिशेने फुटली होती. चहाचा कप पुढे ठेवताना बायकोने ते पाहिलं आणि नजर वळवली.

तो छपरांवर पत्रे बसवायचा, दिवसभर उन्हात. ती आरोग्य खात्यात कर्करोगाच्या जनजागृतीची पोस्टरं करायची. काही वर्षांपूर्वी ‘असा तीळ निरुपद्रवी’ या ओळीखाली छापायला फोटो मिळेना, तेव्हा तिने नवऱ्याचीच मान पुढे केली. डॉक्टरांनी तपासूनच होकार दिला होता, आणि तेव्हा ते खरंही होतं. पोस्टर दवाखान्यादवाखान्यांतून लागलं. कामावरचे त्याला ‘मॉडेल’ म्हणू लागले, तसा गडी हरभऱ्याच्या झाडावर चढला. मान झाकणारी टोपी तिने आणली, ती खुंटीवरच लटकत राहिली.

“अहो, एकदा दाखवून या ना.”

“काय दाखवू? सरकारी शिक्का आहे माझ्यावर. तूच मारलायस.”

“तो तेव्हाचा फोटो आहे. तीळ बदललाय.”

“मग पोस्टर का नाही बदलत तुम्ही लोक?”

पोस्टरचं खात्यातल्या साहेबांनी कौतुक केलं होतं. ते उतरवायचं तर कारण सांगावं लागणार, आणि मग आपल्याच घरातला दिव्याखालचा अंधार खात्यात सगळ्यांना दिसणार. या वेळची छपाई होऊन जाऊ दे, मग बोलू, असं ती दर खेपेला स्वतःला समजावायची.

त्याने मान पुसली. टॉवेलवर रक्ताचा डाग उमटला.

“पत्र्याची कड लागली असेल,” तो म्हणाला.

“काल सुट्टी होती तुम्हाला.”

तो हसला. “पोस्टरवरच्या माणसाला कॅन्सर होत नसतो गं.”

हे त्याला तिच्याच पोस्टरने शिकवलं होतं. तिने फोन उचलला आणि त्याच्यासमोरच साहेबांना लावला.

“सर, तिळाचं पोस्टर आजच सगळीकडून उतरवा. तो तीळ आता निरुपद्रवी राहिलेला नाही. मी ह्यांना घेऊन डॉक्टरांकडे निघालेय.”