चकतीने ऐकलेल्या दोन हाका

मी एक जुनी लाकडी चकती आहे. तळहाताएवढी गोल, वरच्या कडेला एक भोक आणि भोकातून ओवलेली सुतळी. माझ्याकडे पाहून कुणी घाबरेल असे तुम्हाला वाटणार नाही. पण मित्रांनो, एके काळी मी नुसती खुंटीवर हलले तरी तीनशे मुलांच्या जिभा टाळूला चिकटत.

मला किलोंझो म्हाताऱ्याने घडवले. तो आमच्या कांबा मुलखातला नावाजलेला कोरक्या. त्याच्या हातून लाकडाचे हरण उतरले की ते आता उडी मारील असे वाटे. एका हरणाच्या पोटाखालून उरलेला तुकडा म्हणजे मी. तुकडा मागायला शाळेचे गुरुजी आले होते. त्यांचे नाव मुथियानी, पण लहानथोर सगळे त्यांना मवालिमु, म्हणजे गुरुजीच, म्हणत.

"एवढीशी गोल चकती करून द्या बाबा. गळ्यात अडकवता आली पाहिजे," ते म्हणाले.

"कशाला रे?"

"शिस्तीसाठी."

"शिस्त एवढीशी असते होय? मग दोन करून देतो, एक तुझ्या गळ्यात घाल," म्हातारा म्हणाला आणि आपल्याच बोलण्यावर खोकेपर्यंत हसला. त्याने मला वाळूने घासले, तेल पाजले. मी कुणाच्या तरी गळ्यातला दागिना होणार, असे मला वाटले होते.

शाळेत गेल्यावर तापल्या खिळ्याने माझ्या अंगावर इंग्रजी शब्द डागले गेले. ते मला वाचता येत नव्हते, पण नियम लवकरच कळला. शाळेच्या आवारात फक्त इंग्रजी बोलायचे. जो कुणी घरची बोली, कीकांबा, बोलताना सापडेल त्याच्या गळ्यात मी. त्याने मग दिवसभर कान देऊन दुसरा कुणी बोलणारा शोधायचा आणि मला त्याच्या गळ्यात टाकायचे. शाळा सुटताना मी ज्याच्या गळ्यात असेन त्याचे नाव वहीत. एका वर्षात तीनदा नाव आले की आठवीच्या परीक्षेच्या यादीतून बाहेर. आणि ती परीक्षा हुकली की पुढची शाळा बंद.

तपासायला आलेल्या साहेबांनी मला हातात घेऊन वाखाणले. "एकही पोर चुकून घरची बोली बोलत नाही," ते म्हणाले. मी सुतळीवर झोकात डोलले. खरे सांगते, मला तेव्हा फार बरे वाटले होते.

पण गळ्यागळ्यांतून फिरताना मला हळूहळू जे कळत गेले ते साहेबांना कसे कळणार? मुले खेळताना आता एकमेकांचे पाय नव्हे, ओठ बघत. कुणी उगाच पायावर पाय दिला, तर कळवळणाऱ्याच्या तोंडातून कोणत्या भाषेत आई निघते हे ऐकायला. कुणी उसाचा करवा पुढे केला, तर घेणारा आधी त्याच्या सदऱ्याच्या गळ्याकडे बघे. तिथे सुतळी तर नाही ना? संडासाच्या भिंतीमागे कुणी दडलेले असे. सख्खी भावंडे वाटेने दहा पावले अंतर ठेवून येत. मीसुद्धा तशीच झाले. कुणी गोड बोलले की मला वाटे, हा काहीतरी डाव आहे. बहुतेक वेळा तो असेच.

आता कटुंगेची गोष्ट सांगते. ती आठवीत होती. तिची मैत्रीण स्योकाऊ. दोघी एकाच टेकडीवरच्या, शेळ्यांमागे एकत्र वाढलेल्या. कटुंगेचे नाव वहीत दोनदा लागले होते. परीक्षेला नऊ दिवस उरले होते आणि त्या सकाळी प्रार्थनेच्या रांगेत तिला शिंक आली. शिंकेनंतर आमच्याकडे आईचे नाव घ्यायची रीत. सवयीने ते तिच्या तोंडून निघाले. मागच्या मुलीने लगेच मला तिच्या गळ्यात टाकले. सकाळचे सगळे तास तिने ओठ बघण्यात घालवले. पण परीक्षेच्या तोंडावर सगळेच सावध झाले होते. एक मुलगीसुद्धा सापडली नाही.

दुपारी या दोघींची पाण्याची पाळी होती. आमची नदी वर्षातले दहा महिने नुसती वाळू असते. पाणी हवे तर वाळूत माणूस बुडेल एवढा खड्डा खणायचा, एकीने आत उतरून दोरी बांधलेल्या पोकळ भोपळ्याच्या डोलीत पाणी भरायचे, दुसरीने वरून ओढून घ्यायचे. बायका हे काम करताना गातात. वरची म्हणते:

*वाळूबाई, वाळूबाई, पोटामध्ये काय?*

आणि खालची उत्तर देते:

*घोटभर पाणी आणि आभाळाची साय.*

हे गाणे केवळ गंमत म्हणून नाही. खालून उत्तर येते आहे तोवर वरचीला कळते, आतली नीट आहे. उत्तर थांबले की बायका धावतात. शाळेच्या मुली मात्र मुकाट्याने पाणी भरत, कारण गाणे कीकांबातले. आणि नदी शाळेच्या आवारात येते की नाही, हे कुणी विचारायचे धाडस केले नव्हते.

स्योकाऊ खाली उतरली. चार डोली भरून वर आल्या. मग कटुंगेने मागे-पुढे पाहिले, माझी सुतळी सदऱ्याच्या आत सारली आणि अगदी मऊ आवाजात गाऊ लागली, "वाळूबाई, वाळूबाई, पोटामध्ये काय?"

मी तिच्या छातीवर होते. ते गाणे नव्हते, मित्रांनो. तो गळ होता.

खाली डोली थांबली. स्योकाऊने वर पाहिले. तिच्या डोळ्यांत उत्तर आलेही होते, पण ओठ मिटलेले राहिले. सुतळीचे टोक तिला दिसले असावे. मान खाली घालून ती पुन्हा पाणी भरू लागली.

तेवढ्यात वरच्या कडेची वाळू सुटली. आधी मुठीएवढी, मग टोपलीभर. कटुंगेने ती पाहिली आणि तिच्या पोटातून ओरडा निघाला, घरच्याच बोलीत, "स्योकाऊ, वर ये गं. कड ढासळतेय. वर ये."

स्योकाऊने मानही वर केली नाही. मोजून मोजून इंग्रजीत तिने एवढेच म्हटले, "मी फसणार नाही."

आणि कड कोसळली.

जवळच्या खड्ड्यावरून कलुंडे मावशी आणि आणखी तिघी बायका धावत आल्या. स्योकाऊ छातीपर्यंत गाडली गेली होती. तोंड मोकळे होते. बायका हातांनी, भांड्यांनी, मिळेल त्याने वाळू उपसू लागल्या. कंबर मोकळी झाली तशी कलुंडे मावशी ओणवी झाली.

"पोरी, पाय हलतोय का? खाली दगड बिगड नाही ना? सांग, मग ओढते."

स्योकाऊने तोंड उघडले आणि मिटले. धावपळीत मी कटुंगेच्या सदऱ्याबाहेर आले होते आणि स्योकाऊच्या तोंडासमोर लोंबत होते. माझ्याकडे बघत ती गप्प राहिली.

"जीभ गिळलीस काय? बोल की."

बायकांना वाटले, घाबरून दातखीळ बसली असेल. त्यांनी काखेत हात घालून ओढले. खाली काहीतरी कडकन वाजले.

कटुंगेला तेव्हा कळले, स्योकाऊ कशाकडे बघते आहे. तिने सुतळी अशी हिसडली की तिच्या मानेवर रक्त आले. मला तिने मागे वाळूत फेकले. त्यानंतरच स्योकाऊ बोलली, रडत, आपल्या बोलीत, "डावा पाय दगडाखाली आहे. मावशी, ओढू नका."

पाय वाचला, पण वाकडा जुळला. ती दोन महिने खाटेवर होती. परीक्षा गेली. त्या संध्याकाळी मी कुणाच्याच गळ्यात नव्हते, म्हणून वहीत कुणाचेच नाव लागले नाही. कटुंगे परीक्षेला बसली आणि पास झाली. शाळेने काय केले म्हणाल, तर पुढच्या आठवड्यात नवी चकती करून घेतली.

पुढच्या शाळेला जायच्या आधी कटुंगेने मला वाळूतून शोधून काढले. का, ते तिने कधी कुणाला सांगितले नाही. वीस वर्षे मी तिच्या पत्र्याच्या पेटीत तळाशी पडून होते. ती शहरात परिचारिका झाली. तिला मुलगी झाली, वायुआ. गावी येई तेव्हा ती बाजारातल्या शिवणकामाच्या दुकानासमोरून मान खाली घालून जाई. तिथे स्योकाऊ शाळेचे गणवेश शिवायची, मशीन एका पायाने चालवत.

आज कटुंगे लेकीला घेऊन आत आली आहे. वायुआचा गणवेश शिवायचा आहे. तिने पिशवीतून मला काढून टेबलावर ठेवले.

स्योकाऊने दोरा दाताने तोडला. "अजून जपून ठेवलीस ही अवदसा?" मग मशीन थांबवून म्हणाली, "एक विचारायचं राहिलंय बघ. त्या दिवशी तू मला बोलावत होतीस की पकडत होतीस?"

"पहिल्यांदा पकडत होते. दुसऱ्यांदा बोलावत होते."

"पहिल्यांदाचं मी ओळखलं होतं," स्योकाऊ म्हणाली. "दुसऱ्यांदाही मला तेच वाटलं. त्यात तुझी एकटीची चूक नाही गं."

तिने माप घ्यायची फीत गळ्यात अडकवली आणि वायुआला जवळ ओढले. "ये बाळा. नाव काय तुझं?" तिने कीकांबात विचारले.

वायुआने आधी दाराकडे पाहिले. मग खिडकीकडे. मग स्योकाऊच्या गळ्याकडे, जिथे फीत लोंबत होती. तिच्याही शाळेत कुठलीशी चकती आहे, हे मला तेव्हाच कळले.

"बोल की," कटुंगे म्हणाली. "इथे कुणी नाही."

"कुणी नाही कसं? आपण आहोत ना," स्योकाऊने फीत काढून बाजूला ठेवली. "म्हणून तर बोलायचं."

मित्रांनो, जुन्या वस्तू तुम्हाला सांगतात, आम्हाला जपा. मी सांगते, मला जपू नका. माझ्यासारखी चकती लाकडाची असेल, प्लास्टिकची असेल, नुसती वहीतली फुली असेल. ती कुणाच्या गळ्यात घालू नका आणि घालणाऱ्याला शाबासकी देऊ नका. इंग्रजी जरूर शिका. पण हाक खरी की खोटी, हे ज्या भाषेत कळते तिच्यावर पहारा बसवू देऊ नका.

वायुआ अजून बोललेली नाही. तिचे ओठ हलले आणि थांबले. मशीन बंद आहे. दोघी बायका वाट बघत आहेत, आणि घाई कुणालाच नाही.