पोटशूळाचे अकरा घोडे

"ही यादी ज्यानं केली, त्यानं आमची दलदल बघितलेली नाही. एक संध्याकाळ तिथं उभा राहिला असता तर त्याला लाज वाटली असती," जनावरांच्या दवाखान्यातला कंपाउंडर फोनवर म्हणाला.

पलीकडे मुख्य कचेरीतला लसींचा कारकून होता. "काका, यादी सगळ्यांना एकच असते."

"धनुर्वाताची लस पाठवलीत, ठीक. पण घोड्यांच्या फ्लूच्या साठ बाटल्या कशाला? ती शर्यतीला गावोगाव फिरणाऱ्या घोड्यांची लस. आमचे घोडे भट्टीपासून पुलापर्यंत विटा ओढतात. पुलापलीकडचा घोडा त्यांनी जन्मात हुंगलेला नाही. इथं भीती डासांची आहे. मेंदूज्वराची लस द्या."

"तुमच्या भागात मेंदूज्वराची नोंद शून्य आहे. शून्यावर लस कशी मंजूर होणार?"

"तुमचे कागदी घोडे बरे. त्यांना डास चावत नाहीत."

पलीकडून फोन ठेवला गेला. कंपाउंडरची तीस वर्षं हो ला हो करण्यात गेली. आवाज चढवायला तो शिकला, ते निवृत्तीला चार महिने उरल्यावर.

समोरच्या बाकावर वीटभट्टीवर घोडीनं विटा ओढणारी भट्टीवाली बसली होती. घोडी तिनं बाहेर खांबाला बांधली होती. घरातली चार तोंडं त्या घोडीच्या चार पायांवर चालत होती. दलदलीत डास माजायला पाच आठवडे उरले होते. मेंदूज्वराच्या लसीचे डोस दोन, मध्ये महिन्याचं अंतर. पहिला आठ दिवसांत टोचला तरच उपयोग.

"काय म्हणाले?"

"नोंद नाही म्हणतात."

"नाही कशी? गेल्या साली माझा घोडा गेला तेव्हा तुम्हीच आला होतात की. भिंतीला कपाळ लावून दोन दिवस उभा होता. मागचे पाय फरफटत होते. काय लिहिलंत तेव्हा?"

कंपाउंडरला विषय टाळता आला असता. त्यानं रजिस्टर उघडलं आणि बोट ठेवलं. "पोटशूळ."

"पोटाचं कुठून काढलंत? पोट तर त्याचं माझ्यापेक्षा धड होतं."

मृत्यूच्या फॉर्मवर कारणांचे पाच चौकोन होते. त्यांत मेंदू नव्हताच. 'इतर'वर खूण केली की तीन प्रतींत अहवाल आणि प्रयोगशाळेचा दाखला लागायचा. प्रयोगशाळा दोन दिवसांच्या वाटेवर, आणि दवाखान्याच्या फ्रिजात बर्फ कधी धरायचाच नाही. नमुना पोचेपर्यंत त्याचं पाणी व्हायचं. म्हणून कंपाउंडर पोटशूळावर खूण करायचा. एकदा केली, कुणी विचारलं नाही. मग सवयच लागली. त्यानं पानं उलटत मोजलं. सहा वर्षांत अकरा. भिंतीला टेकलेली अकरा डोकी त्यानं पोटात घातली होती. वरच्यांचं शून्य त्याच्याच पेनातून उतरलं होतं.

"म्हणजे तुम्ही पण त्यांच्यातलेच," भट्टीवाली म्हणाली. आवाज तिनं चढवला नाही. चढवला असता तर बरं झालं असतं.

दुपारी डॉक्टरीणबाई आल्या. तीन दवाखाने एकटीनं सांभाळायच्या. इथला वार गुरुवार. अकरा घोड्यांची खरी लक्षणं मांडून कंपाउंडरनं मुख्य कचेरीला लिहिलेला कागद त्यांनी उभ्यानंच वाचला आणि मग बसल्या.

"काका, खोटी नोंद केली असं स्वतःच्या हातानं लिहून देताय? पेन्शन अडकवतील."

"अडकवू देत."

"थोडं मऊ लिहू. 'नजरचुकीनं' म्हणू."

"अकरा वेळा नजर चुकली तर माणूस आंधळा म्हणायचा, बाई. मी सगळं बघितलं होतं. तुम्ही लक्षणांखाली सही करा, बाकीचं माझ्या नावावर राहू दे."

बाईंनी खिडकीबाहेर पाहिलं. भट्टीवाली घोडीच्या अंगावर जुनी मच्छरदाणी घालून बघत होती. मच्छरदाणी आखूड पडत होती. ती मानेवर ओढली की मागचे पाय उघडे, पायांवर ओढली की मान उघडी. बाईंनी सही केली.

कंपाउंडरनं कागद परत घेतला आणि तळाशी उरलेल्या जागेत लिहिलं :

'अकरा घोड्यांची चूक माझी. शिक्षा द्या, घेतो. बारावी घोडी आज दवाखान्याच्या दारात उभी आहे. आठ दिवसांत लस आली नाही आणि ती गेली, तर ती चूक कोणाची, ते नाव आणि हुद्द्यासह लेखी कळवा.'