सहा शिखरांना सहा आकडे

कात्रपच्या त्या कॉम्प्लेक्समध्ये सहा टॉवर आहेत आणि सहाही टॉवरना एकच नाव आहे. पटत नसेल तर डिक्शनरी उघडा. समिट, एपेक्स, पिनॅकल, झेनिथ, ॲक्मी, क्रेस्ट. सगळे शब्द शेवटी जाऊन एकाच ठिकाणी बसतात : सगळ्यात वरचं टोक. आणि ही नावं बिल्डरला दिली ती शंकरराव पेंटरांनी.

शंकरराव दुकानांच्या पाट्या रंगवायचे. उल्हासनगर कॅम्प एकमधल्या शेठ लोकांच्या कितीतरी पाट्या त्यांच्या हातच्या. शाळा सातवीपर्यंत. इंग्रजी अक्षरं आधी हाताने शिकले, अर्थ मागाहून. आपण रंगवतो ते आपल्यालाच वाचता येत नाही याचा त्यांना भयंकर संताप यायचा. म्हणून फुटपाथवरून जुनी डिक्शनरी आणली आणि वही केली. पानाच्या डोक्यावर मराठी शब्द, खाली त्याचे इंग्रजी भाऊबंद. 'शिखर'चं पान सगळ्यात भरगच्च.

बिल्डरचा साइटवरचा माणूस म्हणाला, "पेंटर, सहा टॉवर आहेत. उंच उंच नावं पाहिजेत, एकदम हाय-फाय." शंकररावांनी ते पान त्याच्यापुढे धरलं. त्याने मोबाइलवर फोटो काढला. झालं बारसं.

विठ्ठलवाडीच्या चाळीतली खोली विकून शंकरराव आणि अंजना झेनिथच्या चौदाव्या मजल्यावर आले. शंकरराव भेटेल त्याला पत्ता सांगत सुटले. अंजनाला मात्र ते नाव कधी जिभेवर बसलं नाही. ती म्हणायची, "आपली चौथी. गेटपासून मोजा की! त्याला तोंड वाकडं कशाला करायचं?" आणि वर हसायची. "अहो, झाडाला शेंडा, डोंगराला माथा, देवळाला कळस. प्रत्येकाचं वेगळं असतं. तुम्ही एकाच गोष्टीची सहा नावं केलीत आणि सहा घरांना वाटून टाकलीत."

तिला बोलायचा हक्क होता. तीस वर्षं ती त्यांच्या धंद्यात होती. शिडीवर चढलेल्या पेंटरला आपलं अक्षर सरळ आहे की कललंय ते दिसत नाही. नाक भिंतीला टेकलेलं असतं. लांबून सांगणारं कोणीतरी लागतं. अंजना रस्त्याच्या पलीकडे उभी राहायची आणि हात वर करून ओरडायची, "उजवीकडं घ्या जरा! अजून! हां, बास!"

गेल्या एप्रिलमध्ये भर दुपारी अंजना छाती धरून खाली बसली. शंकररावांनी ॲम्ब्युलन्सला फोन केला. ॲम्ब्युलन्स अकरा मिनिटांत आली आणि पिनॅकलच्या चौदाव्या मजल्यावर गेली. तिथे कुलूप. खाली-वर करण्यात, याला त्याला विचारण्यात वीस मिनिटं गेली. त्यांनी शंकररावांना फोन लावले, पण तो फोन ओट्यावर वाजत राहिला. शंकररावांच्या मांडीवर अंजनाचं डोकं होतं. जरा आधी आणलं असतं तर, असं डॉक्टर म्हणाले. हे वाक्य डॉक्टर लोक कशाला बोलतात कोण जाणे.

सगळ्यांनी ड्रायव्हरला शिव्या घातल्या. पुण्याहून मुलगा विक्रांत आला, ॲम्ब्युलन्सवाल्यांशी भांडला, पुण्यानुमोदनाचा कार्यक्रम उरकून परत गेला. शंकरराव गप्प होते.

चौदाव्या मजल्यावर भाजीवाल्याची हाळी पोचत नाही. विठ्ठलवाडीत भिंतीपलीकडे कोणी खोकलं तरी इकडून विचारायचे, "काय वो, औषध घेतलं का?" इथे दिवसभरात शंकररावांशी बोलणारी एकच बाई उरली, लिफ्टमधली. तीही फक्त मजला सांगते. खिडकीतून चंदेरीचा सुळका दिसतो. शंकरराव त्याच्याकडे बघत बसायचे. त्याला कोणी नावाची पाटी लावलेली नाही, तरी आजवर कोणी दुसऱ्या डोंगराला चंदेरी म्हटलेलं नाही.

पावसाळा सरला तेव्हा त्यांनी सोसायटीला अर्ज दिला : सहाही टॉवरवर एक ते सहा असे मोठे आकडे रंगवावेत, मी फुकट रंगवीन.

रविवारच्या मीटिंगमध्ये अध्यक्ष श्रीपाद दामल्यांनी तो वाचला आणि हसले. अंबरनाथच्या कारखान्यातून ऑफिसर म्हणून रिटायर झालेला माणूस. "शंकरराव, नंबर कॅम्पात असतात. बॅरॅक नंबर अमुक, चाळ नंबर तमुक. त्यातून सुटायला तर लोक इथे आले. तुम्हीसुद्धा."

"बॅरॅकमध्ये पोस्टमन डोळे मिटून पोचायचा, साहेब."

"काका, नावं तुमचीच ना?" सेक्रेटरी स्वप्नाली म्हणाली. "केवढं मिरवायचात! नंबर टाकले की रेट पडणार फ्लॅटचा, सिरियसली."

"आणि एका ड्रायव्हरच्या चुकीसाठी," दामले म्हणाले, "सगळ्यांनी का..."

"ड्रायव्हरची नव्हती चूक."

शंकरराव उभे राहिले. "फोनवर मी पिनॅकल बोललो. राहतो झेनिथमध्ये, बोललो पिनॅकल. माझ्या वहीत दोन्ही एकाच ओळीत आहेत. बायको मरत होती आणि माझ्या तोंडात शेजारच्या बिल्डिंगचं नाव आलं. ज्यानं बारसं केलं त्याला आठवलं नाही. उद्या तुमच्या घरात कोणी छाती धरली तर तुमच्या कामवालीला आठवेल? नातवाला आठवेल?"

दामल्यांनी चष्मा काढला, पुसला, परत लावला.

"वाईट झालं फार," ते म्हणाले. "सूचना नोंदवून घेऊ. पुढचा विषय, पार्किंग."

सोमवारी सकाळी दहा वाजता शंकररावांनी गेटजवळच्या टॉवरला शिडी लावली. खडू चोळलेली सुतळी ताणून रेघा मारल्या, काळ्या रंगाचा डबा उघडला.

वॉचमन कमलेश धावत आला. "काका, परमिशन है क्या? मेरी नौकरी जाएगी."

"तू मला पाहिलंच नाहीस."

कमलेशने थोडा विचार केला आणि पाठ करून उभा राहिला.

तिसऱ्या आकड्यापर्यंत दामले खाली आले, हातात फोन. "उतरा! नाहीतर पोलिसांना बोलावतो."

"बोलवा की. कुठल्या बिल्डिंगला यायचं तेवढं नीट सांगा."

दामले फोनकडे बघत राहिले. मग म्हणाले, "कमिटी पुसून टाकेल हे सगळं."

"पुसा. माझ्याकडे डबाभर आहे."

दामले निघून गेले. शंकररावांनी शिडी उचलून झेनिथला लावली आणि चार काढला. पुरुषभर उंचीचा. उतरले, गुडघे सरळ केले आणि आकडा बघायला रस्त्याच्या पलीकडे गेले.

चार डावीकडे कलला होता. बोटभर. येणाऱ्या-जाणाऱ्याला कळलाही नसता. अंजनाला इथून पहिल्या नजरेत दिसला असता.

त्यांचा हात आपोआप वर गेला. "उजवीकडं घ्या जरा," असं तोंडातून निघालंसुद्धा. समोर रिकामी शिडी. सांगणारा होता, ऐकणारं कोणी नव्हतं.

त्यांनी हात खाली घेतला. आकडा तसाच राहू दिला, लांबूनही नीट वाचता येत होता. मग रस्ता ओलांडून शिडी उचलली आणि पाचव्या टॉवरकडे निघाले.