रेघ मोडून गेलेली मेंढरं

मी एक जुना ड्रोन आहे. शिरूरच्या एका कचेरीत, लोखंडी कपाटाच्या वरच्या फळीवर, माझ्या काळ्या पेटीत पडून असतो. बॅटरी फुगली आहे, एका पात्याला तडा गेला आहे. नवे ड्रोन आले, ते माझ्याहून हलके आणि हवेत जास्त वेळ टिकणारे. वाईट वाटतं, खोटं कशाला बोलू? पण मित्रांनो, कुणी पेटी उघडली की माझी जुनी खोड उफाळून येते. मला अजून सगळं बघायचं असतं.

कारखान्यात माझ्या पोटाखाली एक डोळा बसवला आणि काम दिलं ते एवढंच, वर जा आणि खाली बघ. मग गावठाणांच्या मोजणीवर माझी नेमणूक झाली. शेताला सातबारा असतो, पण गावातल्या घराखालच्या जागेचा कागद कितीतरी लोकांकडे नव्हताच. मी वरून फोटो काढायचे, ते जोडून नकाशा तयार व्हायचा आणि त्यावरून ज्याला त्याला मालमत्ता पत्रक मिळायचं. त्यासाठी उडायच्या आधी प्रत्येकाने आपल्या हद्दीवर चुन्याची रेघ मारून ठेवायची. पांढरी रेघ मला उंचावरूनही स्वच्छ दिसते.

काय काय बघितलं म्हणून सांगू! गच्चीवर वाळत घातलेल्या कुरडया, पत्रा उडू नये म्हणून वर ठेवलेली टायरं, टोपी सावरत माझ्याकडे बघणारे आजोबा. कवठे येमाईकडे एकदा एक घार माझ्यावर चवताळून आली. तिला वाटलं असेल, हा कोण नवा भाडेकरू? पात्याचा तडा तेव्हाचाच आहे.

मला उडवायची ती स्वप्नाली, दौंडची मुलगी. उडवण्याआधी माझा डोळा ती मऊ फडक्याने पुसायची आणि म्हणायची, "नीट बघ रे बाबा." मी नीटच बघायचो. बघितलेल्याचा अर्थ लावणं मात्र मला कधी जमलं नाही. हे मला भीमेकाठच्या एका गावात उमगलं.

वडगाव रासाईपासून जवळच होतं ते गाव. सकाळची वेळ होती आणि स्वप्नालीने मला एका पटांगणात जमिनीवर ठेवलं होतं. समोरच गिताबाईंचं घर. घरातल्या आधीच्या पिढ्या मेंढरं घेऊन रानोमाळ फिरल्या. आता शेती आहे, पण थोडी मेंढरं गिताबाईंनी हौसेनं राखली होती. घराशेजारी एक अरुंद बोळ होता. त्या बोळाच्या आतल्या टोकाला विठाबाई आणि त्यांचे नवरे बन्सीमामा यांचं घर. बन्सीमामा रेल्वेतून निवृत्त झालेले. पाय निकामी झाल्यापासून चाकाच्या खुर्चीत बसून असायचे.

गिताबाईंचा मुलगा संपत घमेल्यातला चुना घेऊन वाकला होता. घराच्या कडेने आलेली रेघ त्याने थेट बोळाच्या तोंडावरून ओढायला घेतली.

"आरं संपत, हितं कशाला मारतुयास? विठाबाईची वाट हाय ती," गिताबाई म्हणाल्या.

"वाट म्हनून लिवलंय कुठं? आपल्या भितीला लागून हाय, म्हंजी आपलीच. मला खोली काढायचीय, आये. एकदा नकाशात आली का कुनाच्या बापाला पुसता यायची न्हाई."

"आन् बन्सीभाऊंनी कुठनं जायचं? खुर्ची काय मागल्या वढ्यातनं न्यायची?"

"निघतील मागनं कशीबी."

विठाबाई आपल्या दारात उभ्या राहून सगळं ऐकत होत्या. त्या भांडल्या नाहीत. एवढंच म्हणाल्या, "संपत, तुझ्या हळदीचा मांडव ह्याच बोळात घातला व्हता. आमचं दार त्यात झाकलं, तवा आमी काय म्हनलो व्हतो का?"

संपतने मान वर केली नाही. रेघ पुरी केली आणि घमेलं झटकलं.

माझी मोठी पंचाईत झाली. मला डोळा आहे, तोंड नाही. रेघ दिसली की ती टिपायची, हीच माझी नोकरी. स्वप्नालीलाही हद्द ठरवायचा अधिकार नव्हता. तिने बोळाकडे एकदा बघितलं, माझा डोळा पुसला आणि मला वर पाठवलं.

उडण्याच्या वेळी जनावरं बांधून ठेवा, असं ग्रामपंचायतीच्या भोंग्यावरून सांगून झालं होतं. गिताबाईंची मेंढरंही वाघरीत, म्हणजे त्यांच्या जाळीच्या कुंपणात, कोंडलेली होती. ती वाघर बोळाच्या आतल्या अंगाला, विठाबाईंच्या घरापाशी. मी बरोबर बोळावर आलो तशी गिताबाईंनी मान वर करून मला बघितलं. मग त्या सावकाश चालत गेल्या आणि त्यांनी वाघर सोडली.

रोजची वाट ती! मेंढरं घुसली बोळात. धक्काबुक्की करत तोंडाशी आली, चुना तुडवला आणि रस्त्यावर पसरली. खुरांना लागलेल्या चुन्याचे पांढरे ठिपके मला थेट डांबरीपर्यंत दिसले.

"मावशी, मेंढरं आवरा! फोटो खराब होतील!" स्वप्नाली ओरडली.

"आगं पोरी, मुकी जनावरं ती. नकाशा काढत्यात म्हनून त्यांना कसं सांगू?"

स्वप्नालीने हातातल्या पडद्यावर बघितलं. बोळातून रस्त्यावर आलेली मेंढरं त्यात उमटली होती. पेटीत चार्ज केलेली दुसरी बॅटरी होती, मला पुन्हा उडवता आलं असतं. तिने मला अलगद खाली घेतलं आणि पेटीचं झाकण लावलं. असं का, हे मला तेव्हा कळलं नाही.

पुढे तयार झालेला नकाशा आणि फोटो गावातल्या शाळेत लावले. कुणाची हरकत असेल तर ऐकून घ्यायला चौकशीचे साहेब आले होते. मुलांनी बघावं म्हणून मलाही टेबलावर ठेवलं होतं. गंमत अशी की फोटो जोडताना पळणारी एक मेंढी दोन ठिकाणी उमटली होती. तिला बघून मुलं खो खो हसत होती.

साहेबांनी बोळावर बोट ठेवलं. "संपतराव, ही जागा तुमच्या घरची म्हणता. मग एवढी मेंढरं इथून रस्त्याला कशी आली?"

"रोज तिथनंच जात्यात की," संपत बोलून गेला.

पायरीखाली बन्सीमामांची खुर्ची अडली होती. तिथूनच ते म्हणाले, "संपत, खोली मागल्या अंगाला काढ. आमच्या भितीला टेकवून काढ, आमची ना न्हाई. पर तेवढी वाट ठेव बाबा."

संपतचा चेहरा उतरला. त्याने आईकडे बघितलं. गिताबाई फोटोतली आपली मेंढरं मोजण्यात गुंग असल्यासारख्या उभ्या होत्या.

"साहेब, सगळ्यांची वाट म्हनून लिवा," तो हळूच म्हणाला. मग पायरी उतरला आणि बन्सीमामांच्या खुर्चीमागे जाऊन उभा राहिला. "चला मामा, घरला सोडतो."

मित्रांनो, जाताना कधी माझ्या पेटीवरची धूळ पुसा, डोळा तेवढा स्वच्छ ठेवा. आणि उद्या माझी नवी भावंडं तुमच्या गावावर येतील, तुम्ही चुना घेऊन वाकाल, तेव्हा क्षणभर थांबा. आम्हाला वरून रेघ दिसते. ती कुणाच्या दारावरून गेली, हे खाली उभ्या माणसालाच दिसतं.