कमरेची शिवण

मुलीने पँट उलटी करून आईच्या शिलाई मशीनवर आपटली.

"हे काय आहे?"

आईने पाय थांबवला. गिऱ्हाइकाची बाही सुईखाली तशीच अडकून राहिली. पँटच्या कमरेला, मागच्या बाजूला, जुन्या टिपेची बारीक भोकं रांगेने दिसत होती. नवी टीप त्यांच्या बाहेरून गेली होती, चांगली बोटभर.

"तू सैल केलीस."

"हो."

"कितीदा?"

आईने बाही उगाच सरळ केली. "दोनदा."

दीड महिन्यापूर्वी, तेविसाव्या वर्षी, मुलीच्या रक्तात साखर वाढलेली निघाली होती. तीन महिन्यांत उतरली नाही तर गोळ्या, असं डॉक्टरांनी सांगितलं होतं. तिच्या बाबांच्याही गोळ्या अशाच सुरू झाल्या होत्या. शेवटी पाय गेला, आणि वर्षभरात तेही. मुलीचा रिपोर्ट आला त्याच दिवशी आईने वजनाचा काटा कपाटावर टाकला. काट्यावर चढून रोज जीव जाळायचा नाही, पँटच काय ते सांगेल, म्हणाली. सकाळी सहाला पांघरूण ओढायचं आणि तासभर चालायला न्यायचं, हा नेम तिने एक दिवस मोडला नव्हता. पँट ढिली होऊ लागली तशी मुलगीही कुरकुर न करता उठू लागली होती.

आज तिने स्टुलावर चढून काटा खाली काढला होता.

"वजन अर्धा किलोसुद्धा उतरलं नाही! आणि मी येडी, ऑफिसभर सांगत सुटले, आता पट्टा लावावा लागतो म्हणून."

"उठत तर होतीस."

"खोट्यावर उठत होते."

"खरं सांगितलं असतं तर दुसऱ्याच आठवड्यात लोळत पडली असतीस. ओळखते मी तुला."

"तू माझी मापं ओळखतेस, मला नाही." मुलीचा आवाज खाली आला. "बाबांनाही असंच म्हणायचीस. आज बरे दिसताय हो."

आईचा पाय मशीनवरून खाली उतरला.

"उद्यापासून मला उठवायचं नाही. हाक मारलीस तर बघ."

दुसऱ्या दिवशी आई साडेपाचलाच जागी झाली. सहाला पलीकडच्या खोलीत गजर वाजला आणि बंद झाला. मग काहीच नाही. आईने पांघरुणाची कड मुठीत धरली. उठली नाही. बराच वेळ गेला. मग नळ वाजला, बूट जमिनीवर आपटले, आणि दार इतक्या जोरात ओढलं गेलं की खिडकीची काच थरथरली.

आई बाहेर आली. काटा खोलीच्या मधोमध मांडलेला होता. वळसा घालूनच जावं लागलं. मशीनवर पँट पडली होती, बाजूला उसवलेल्या दोऱ्याचे तुकडे. कमरेची शिवण पुन्हा जुन्या भोकांवर आली होती. टाके हाताने घातलेले, लहानमोठे, वाकडे. एका जागी दोरा गुंतून गाठ बसली होती. दोन धुण्यांत उसवणार.

आईने कात्री उचलली. टोक गाठीपर्यंत नेलं.

मग कात्री खिळ्याला अडकवली, आणि पँट तशीच मुलीच्या दारामागे टांगून आली.