जयसिंगची दुसरी

१९७४ साली पिंपरीतल्या एका कारखान्याच्या कामगारांनी नाट्यस्पर्धेसाठी नाटक बसवायला घेतलं. नायिकेच्या कामाला बाई मिळेना. पेंट शॉपमधल्या जयसिंगला ते काम हवं होतं. त्यासाठी त्याने मिशी आधीच काढून टाकली होती. आता पार्ट मिळाला नाही तर मिशीही फुकट गेली असती.

दिग्दर्शक कोंडीराम मात्र तयार नव्हता. जेवणाच्या सुट्टीत डबे उघडले आणि वाद सुरू झाला.

"राव, परवा पाहिलेल्या त्या पिक्चरमध्ये हीरो विधवा मावशी होऊन भाड्याची खोली मिळवतो. घरमालक फसतो की नाही?" जयसिंग म्हणाला.

"त्यापेक्षा त्या दुसऱ्या पिक्चरमधला, होस्टेलची मेट्रन झालेला हीरो बरा," भिवा फिटर म्हणाला. "मावशी नुसती लाजते. मेट्रन निदान पोरींना दम देते. चालसुद्धा बाईची वाटते."

"कसली चाल? दोन पावलं टाकली की गाणं सुरू होतं," जयसिंग म्हणाला.

कोंडीरामने भाकरी मोडली. "दोन्ही पिक्चरमध्ये एक सोय आहे. त्या बायांना नळावर कुणी पाठवत नाही. जयसिंग, कॉलनीच्या नळावरून एक हंडा भरून आण. कुणी ओळखलं नाही, तर पार्ट तुझा."

जयसिंगची बायको प्रभावती चऱ्होलीला माहेरी गेली होती. रविवारी सकाळी त्याने तिची जांभळी साडी नेसली, नाटकातला केसांचा टोप चढवला, पदर पुढे ओढला आणि हंडा घेऊन तो रांगेत उभा राहिला. भिवा आणि कोंडीराम पानटपरीआडून पाहत होते.

पुढच्या सरूबाईने त्याला निरखलं. "नवीन दिसतेस. कुणाच्या घरची गं तू?"

पिक्चरमध्ये हे कुणी विचारलं नव्हतं. जयसिंगला एकच नाव सुचलं. "जयसिंगची," तो बारीक आवाजात म्हणाला.

रांगेतल्या बाया वळून पाहू लागल्या. लग्नाची बाई चारचौघींत नवऱ्याचं नाव असं उघड घेत नसे.

"खुशाल नाव घेतलंस?" सरूबाई म्हणाली. "आणि त्याची बायको तर प्रभावती!"

"मग ही दुसरी," मागून कस्तुरा म्हणाली. "मेल्याने मिशी काढली तेव्हाच मला संशय आला होता."

जयसिंगला कुणी ओळखलं नाही. पण हंडाही भरू दिला नाही.

संध्याकाळी प्रभावती बसमधून उतरली आणि बातमी तिला स्टॉपवरच कळली. घरी जयसिंगने घाईघाईने टोप दाखवला. पिक्चरमध्ये एवढ्यावर भागतं.

"हा तिचा कशावरून नसेल?" प्रभावती म्हणाली.

भिवा आणि कोंडीराम साक्षीला आले. "तुम्ही त्यांचेच दोस्त," असं म्हणून तिने त्यांना उंबऱ्याबाहेरच ठेवलं.

शेवटी जयसिंगने सगळ्या कॉलनीदेखत तीच साडी पँटवरून नेसली, टोप घातला, हंडा कमरेवर घेतला आणि बारीक आवाज काढला, "जयसिंगची."

"अगं बाई, हीच ती!" सरूबाई ओरडली आणि हसत हसत पायरीवरच बसली.

प्रभावती हसली नाही. तिने साडीचा काठ उचलून पाहिला. नळावरचा चिखल वाळून बसला होता.

"दुसरी असती, तर तिने साडी तरी जपली असती."

"वहिनी, पार्ट द्यायचा का याला?" कोंडीरामने दारातून विचारलं.

"द्या. पण घरात पाण्याचा थेंब नाही. आधी हंडा भरून आणू द्या त्यांना. ह्याच साडीत."

जयसिंग हंडा घेऊन निघाला. नळावर बायांनी बाजूला होऊन त्याला पहिला नंबर दिला.